बेचाळीस वेढे

पहिल्यांदा मी चुकलोच, राजधर.
म्हणालो, सकाळी पायी फिरत जा.
म्हणालो, ज्यांना दोन वेळचं मिळत नाही त्यांच्याकडे बघ.
म्हणालो, तुझ्यासारख्या माणसाला हे शोभतं का.
तू मान हलवत राहिलास,
भाव पटल्यासारखी मान हलवून
गिऱ्हाईक काही न घेता पायरी उतरतं, तशी.

दुकानात येणारे विचारायचे, काय झालं त्याला?
धंद्यात खोट? घरात काही?
गावाला कारण लागतं,
त्याशिवाय चहा घशाखाली उतरत नाही.
काहीच झालं नव्हतं.
आडत्याची वही तू दिवाळीपर्यंत चोख लिहिलीस,
आणि एका सोमवारी पेनाचं टोपण काढून
बसून राहिलास, दुपार होईपर्यंत.

प्रमिला वहिनी आली, चप्पल पायातच.
टेबलावर वरच्या खोलीची किल्ली ठेवली.
"तुमच्याकडे राहू द्या, भाऊ."
मी ती पट्ट्यांच्या खिळ्यावर अडकवली
आणि त्या रात्री तुला सरळ विचारलं,
लोक म्हणतात विचारू नये, तेच.
समोर कुणीतरी शटर ओढलं.
सुरतेकडची गाडी शिट्टी देऊन गेली.
"येतो तो विचार," म्हणालास. "रोज नाही."
"मी शे ना," मी म्हटलं.
"मंग बस. बोलू नको."

बसलो.
माझ्या आयुष्यातलं सगळ्यात अवघड काम.

धुळ्याला गेलो, दोंडाईच्यावरून, एस.टी.नं.
खिडकीतल्या पोरीनं कागद सरकवला:
रुग्णाशी नातं?
शेजारी लिहिलं, खोडलं. मित्र लिहिलं,
ती म्हणाली, घरचं कुणी नाही का?
तू पहिल्यांदा डोकं वर केलंस.
"हाच घरचा," म्हणालास.
तिनं काय लिहून घेतलं, मी पाहिलं नाही.

गोळ्यांनी तोंड कोरडं पडायचं, झोप यायची, भूक नाही.
जानेवारीत मी तुला पथारीवर नेलं, बळंच,
कोसभर लाल, वर आभाळ निळं,
आणि त्या ठसक्यात सगळीच माणसं
नाक पुसत, डोळे चोळत, शिव्या देत.
तू मधोमध उभा होतास.
कधी सुरू झालं कळलं नाही,
खांदे हलताना दिसले, मग आवाज.
ठगीबाईनं मिरच्या पालटायचं थांबवलं,
लोट्यातलं पाणी तुझ्या ओंजळीत ओतलं.
"मिरची शे, मिरची," ती म्हणत राहिली,
वारा उलट्या दिशेला होता तरी.

तेव्हापासून मोटारी तुझ्या ओट्यावर आणतो.
लाकडी साच्यावर मी तार गुंडाळायची,
तू मोजायचं. एका गुंडीला बेचाळीस वेढे.
कमी पडले तर मोटार जळते, म्हणून मोठ्यानं मोज.
कधी तू अठरावर हरवतोस,
नजर गटारापलीकडच्या भिंतीवर.
मी तार सोडवतो. पुन्हा एकपासून.
उशीर झाला म्हणून केळीवाल्या यशवंतानं
मला दोनदा ऐकवलं. ऐकून घेतलं.
त्याचा पंप काय, उद्या चालेल.

बरा झालास असं मी कुणाला सांगत नाही.
परवा संक्रांतीचे तिळगूळ घेऊन आलो, दार उघडलं नाही.
वहिनीनं खिडकीतून हात जोडले, आज नको.
साचा, तार, अर्धी गुंडी ओट्यावरच ठेवून गेलो.
घरी जेवताना बायको म्हणाली, मीठ दोनदा घेतलंत.

सकाळी शटर उघडायच्या आधी तुझ्याकडे वळलो.
गुंडी तिथेच, तार ताठ, एकावर एक नीट बसलेली,
आणि पायरीवर खडूनं, आडत्याच्या वहीतल्या
त्या तुझ्या वळणदार आकड्यांत:
३९.

तिथंच उकिडवा बसलो.
चाळीस.
एकेचाळीस.
दार किलकिलं होतं, आत कुणीतरी
स्टोव्हला पिन मारत होतं.
बेचाळीस.

किल्ली अजून माझ्याकडेच आहे.